हात टेकून

नागाओकात बर्फ पडलं की आधी पाट्या दिसेनाशा होतात, मग दुकानं.
भाताच्या गिरणीवरची एक खोली, केरोसीनचा हीटर,
तीन टेबलं. तिथे उएमात्सु-सान मांगा काढतात,
जी मासिकाच्या अगदी शेवटच्या पानांवर येते,
जिथे शाईसुद्धा फिकी लागते.

माझं काम खोडायचं.
ते पेन्सिलीने काढतात, वर शाई फिरवतात,
शाई वाळली की खालची पेन्सिल मी पुसते.
म्हणून किहेइला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही.

किहेइ आमचा नायक. वय एक्केचाळीस, पाट्या रंगवतो.
व्हायचं होतं चित्रकार.
दरवर्षी एकाच प्रदर्शनाला चित्र पाठवतो,
दरवर्षी ते त्याच खोक्यातून परत येतं.
सातव्या वर्षी खोकं फाटलं, नवं आणावं लागलं.
आमच्या मालिकेतला विनोद म्हणाल तर एवढाच.

पुढच्या पानांवरची पोरं बुक्कीने डोंगर फोडतात.
हरली की दुप्पट होतात, व्याजासारखी.
संपादक कानेमारु-सान तोक्योहून संत्र्यांची पेटी घेऊन येतात,
एक सोलतात, विचारतात,
"हा बलवान कधी होणार?"
उएमात्सु-सान चहाचं पाणी ठेवतात.

मला वाटायचं, आहेच की तो बलवान.
पेन्सिलीत किहेइ रडतो, हे फक्त मला ठाऊक.
शाईत त्याचा चेहरा कोरडा.
मधलं पाणी मी पुसते, रबराने,
भुगा फुंकून टाकते.
हा कोरडेपणा म्हणजेच ताकद, असं मी दोन वर्षं समजत होते.

त्याची बायको इसोको सहाव्या भागात वीजबिल दाखवते.
तो बघतो, ब्रश धुतो.
ते पान पुसताना मला त्याचा राग आला होता.
बिल दुसरं कुणी भरत असेल
तर हट्टाला बळ म्हणणं सोपं असतं.
उएमात्सु-सानना हे मी बोलून दाखवलं.
सातव्या भागात इसोको माहेरी गेली.
आजवर परतलेली नाही.

मग चौदावा भाग.
सकाळी आठव्यांदा चित्र परत आलंय.
दुपारी तो शिडीवर, तोफूच्या दुकानाची पाटी, वारा.
हात थरथरतोय.
दोन पानं, एक शब्द नाही.
मग तो आडवी काठी धरतो, पाटीला टेकवतो,
तिच्यावर मनगट ठेवतो
आणि अक्षराचा उभा दांडा वरून खाली ओढतो.
बस्स.

कानेमारु-सानचा फोन आला. "म्हणजे शेवटी हात टेकले त्याने?"
"हो," उएमात्सु-सान म्हणाले,
"टेकल्याशिवाय रेघ सरळ येत नाही."

ते पान माझ्याकडे आलं तेव्हा मी रबर घेऊन बसून राहिले.
शाईखाली रडणं नव्हतंच.
अक्षरांसाठी आखलेली एक फिकट रेघ होती,
तेवढी पुसली.
रात्री घरी निब हवेत धरून बघितली.
दाबली की फाकते, सोडली की कापते.

याला बळ म्हणावं की नाही, मला अजून सांगता येत नाही.
खाली गिरणीत माझा भाऊ तीस किलोची पोती उचलतो,
तो त्यालाच म्हणतो. मी वाद घालत नाही.
एवढं मात्र पाहिलंय, की पोतं पाठीवर घेण्याआधी
तोसुद्धा एक तळवा भिंतीला लावतो.

वाचकांची अकरा पोस्टकार्डं आली.
दहा जणांनी विचारलं, इसोको कुठे आहे.
अकराव्यावर नाव नव्हतं:
"चौदावा भाग वाचला. त्या रात्री झोप लागली."

एकोणिसाव्या भागाला मालिका बंद झाली.
शेवटच्या चौकटीत नवी पाटी आहे, नुसता पांढरा हात दिलेली,
अजून वाळायची.

आता आम्ही दुसऱ्यांसाठी पार्श्वभूमी काढतो.
डोंगरच जास्त असतात,
कुणाच्या तरी नायकाने पुढच्या पानावर फोडायला.
उएमात्सु-सान मनगट टेकतात,
एकेक कडा, एकेक भेग, कडेचं एखादं खुरटं झाड.
पोरगं ते सगळं एका बुक्कीत उडवणार, त्यांना माहीत असतं.
शाई वाळेपर्यंत मी संत्र सोलते.